रॅम्पला रेलिंग: कोटेशनमध्ये काय बदलून घ्यावं?

बी_विंग_सचिव
रत्नागिरीतली सोसायटी, समुद्र दोन किलोमीटरच्या आत. तळमजल्याला तीन पायऱ्या, एकूण चढ ४५० मिमी. रॅम्पचा आरसीसी स्लॅब टाकून झालाय: लांबी ५.४ मीटर, रुंदी १३०० मिमी, जाडी १५० मिमी, दोन्ही कडा उघड्या. टाइल्स अजून बसवलेल्या नाहीत. फॅब्रिकेटरचं कोटेशन असं आहे: एसएस (स्टेनलेस स्टील) पाइप ३८ मिमी, १८ गेज (जाडीचं माप), खांबही त्याच पाइपचे, दर १.५ मीटरवर एक खांब. एकच दांडा, उंची १००० मिमी. चार इंची बेस प्लेट, चार अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये ठोकायचे, फुगून धरणारे बोल्ट), मिरर फिनिश. ऑर्डर द्यायच्या आधी यातलं काय बदलून घ्यायला हवं?

ओटी_रेवती
उंचीपासून सुरू करते, कारण कोटेशनमधली १००० मिमी ही गॅलरीच्या कठड्याची सवय आहे. गॅलरीत माणूस पडू नये म्हणून कठडा असतो. रॅम्पवरच्या दांड्यावर भार टाकून माणूस चढतो. हात खांद्याकडे उचलला गेला की मनगटातून जोर देता येत नाही, विशेषतः गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांना आणि अर्धांगातून सावरणाऱ्यांना. केंद्र सरकारच्या २०१६ च्या सुगम्यता मार्गदर्शिकेत दोन पातळ्या दिल्या होत्या, ९०० मिमी आणि ७६० मिमी. खालचा दांडा लहान मुलं, बुटकी माणसं आणि व्हीलचेअरवर बसून स्वतः ओढून घेणारे यांच्यासाठी असतो. खर्च वाचवायला सगळे पहिल्यांदा तोच उडवतात.

आणखी एक, दांडे दोन्ही बाजूंना हवेतच. ज्याची उजवी बाजू लुळी आहे त्याला चढताना डावीकडचा दांडा लागतो आणि तोच माणूस उतरताना डावी बाजू पलीकडे जाते. एकाच बाजूला रेलिंग लावलं तर तो वर जाईल, पण खाली येऊ शकणार नाही.

पकड ३८ ते ४५ मिमी व्यासाची. पन्नासच्या पाइपवर म्हाताऱ्या हाताची बोटं अंगठ्याला मिळत नाहीत. दांडा आणि खांब (किंवा भिंत) यांच्यात निदान ५० मिमी मोकळी जागा ठेवा. चौकोनी पाइप दिसायला छान, धरायला नाही.

फॅब_कोल्हापूर
रेवतीताईंच्या व्यासाच्या मुद्द्याला जोडून, इथे इंचांचा घोळ होतो. एसएसचा दीड इंची पाइप बाहेरून मोजतात, म्हणजे ३८.१ मिमी. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) दीड इंची पाइप आतल्या नाममात्र मापाने विकतात आणि तो बाहेरून ४८.३ मिमी भरतो. जीआयमध्ये हँडरेल करायची असेल तर सव्वा इंची मागा, तो बाहेरून ४२.४ मिमी असतो. ऑर्डरवर इंच लिहूच नका, 'बाहेरचा व्यास अमुक मिमी, जाडी तमुक मिमी' असं लिहा.

गेजचंही तसंच. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी. वाकवताना चपटतो, वेल्डिंगला भोक पडतं. दांड्याला १.५ मिमी घ्या. तपासायला कॅलिपर नको, वजन करा. ३८.१ व्यासाचा १.५ मिमी जाडीचा २० फुटी पाइप ८.३ किलोच्या आसपास भरतो, १.२ मिमीचा ६.७ किलो. गाडीतून उतरवतानाच काट्यावर ठेवायचा.

स्ट्रक्चर_वाघ
सगळ्यांचं लक्ष दांड्यावर आहे. माझ्या मते या कोटेशनमधली खरी चूक खांबात आणि त्याच्या पायात आहे. आकडेच मांडतो.

आयएस ८७५ भाग २ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात सार्वजनिक वापराच्या जिन्या-लँडिंगच्या कठड्याला दर मीटरला ०.७५ किलोन्यूटन आडवा भार धरतात, म्हणजे मीटरला सुमारे ७५ किलोचा ढकल. खांब १.५ मीटरवर असतील तर एका खांबावर ११२ किलो, आणि तेही १ मीटर उंचीवरून. ३८ मिमी व्यास, १.२ मिमी जाडीच्या पाइपमध्ये यामुळे जो ताण येतो तो ३०४ या जातीच्या स्टेनलेसच्या यील्ड क्षमतेच्या (कायमचं वाकण्याच्या मर्यादेच्या) चौपटीहून जास्त निघतो. तो खांब वाकणार. रोजच्या वापरात कळणार नाही. व्हीलचेअर घसरली किंवा माणूस तोल जाऊन अंगावर गेला, की त्या एका क्षणी कळेल.

म्हणून दांडा वेगळा आणि खांब वेगळा घ्या. दांडा ३८.१ x १.५, खांब ५०.८ x २ मिमी. खांबांतलं अंतर ९०० मिमी ठेवलं तर ५.४ मीटरला एका बाजूला ७ खांब बसतात (६ गाळे), आणि सगळं हिशेबात येतं. ५०.८ x २ चा २० फुटी पाइप १५ किलोच्या जवळ भरायला हवा.

आता पाय. चार इंची प्लेटमध्ये बोल्ट ७० मिमी अंतरावर येतात. ७५ किलोचा ढकल ९०० मिमी उंचीवर लागला तर ताणातल्या दोन बोल्टांवर मिळून जवळजवळ ८०० किलोची ओढ येते. पहारीसारखंच आहे हे, वरचा हात लांब आणि खालचा इवलासा. स्लॅबच्या कडेपासून ४०-५० मिमीवर फास्टनर ठोकला तर फुगतानाच तो काँक्रीटची कड फोडतो. लगेच फुटली नाही तर केसासारखी चीर राहते आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरतं.

बी_विंग_सचिव
मग प्लेट सहा इंची घेतली तर? की खांब स्लॅबच्या बाजूला लावायचे?

स्ट्रक्चर_वाघ
सहा इंचीने ओढ कमी होते, ८०० ची ५२० किलोवर येते. पण मग रुंदी जाते. खांबाचा मध्य कडेपासून ७५ मिमी आत, पुढे खांबाचा अर्धा भाग २५, मोकळी जागा ५०, दांडा ३८. म्हणजे दोन्ही बाजूंनी १८८ मिमी गेले. तुमचे १३०० चे ९२४ उरतात. शिवाय बाहेरचे बोल्ट कडेपासून जेमतेम २० मिमीवर येतात, तेही चालणार नाही.

बाजूने लावायचं म्हटलं तर १५० च्या स्लॅबमध्ये वरचा बोल्ट पृष्ठभागाच्या फार जवळ येतो. तिथेही काँक्रीटचा तुकडा निघण्याची भीती आहे.

टाइल्स बसलेल्या नाहीत हे तुमचं भाग्य. स्लॅबच्या दोन्ही बाजूंना बाहेरून १५० मिमी रुंद आरसीसी पट्टी ओता आणि ती तयार टाइलच्या वर १०० मिमी उचला. स्लॅबच्या बाजूला दर २०० मिमीवर १० मिमी सळईचे तुकडे केमिकल अँकरने (भोकात भरायच्या रासायनिक चिकट मालाने) बसवून पट्टी स्लॅबला जोडायची. पट्टीतही खाली-वर दोन-दोन १० मिमी सळया आणि ८ मिमी रिंगा, साधारण १५० मिमीवर. खोली एकूण ३०० तरी हवी, आणि खालच्या टोकाला ती जमिनीत उतरली तर उत्तम. ओतताना जिथे खांब येणार तिथे ११० मिमी पीव्हीसी पाइपचे तुकडे उभे ठेवून २५० मिमी खोल खड्डे सोडा. हो, १५० च्या पट्टीत ११० चा खड्डा म्हणजे दोन्हीकडे २०-२० मिमीच उरतात. म्हणून फक्त खांबाच्या जागी पट्टी बाहेरच्या अंगाला फुगवून २५० करा, किंवा सरळ सगळी पट्टी २५० घ्या, शटरिंग सोपं जातं. रिंगा खड्ड्याला वळसा घालून जायला हव्यात.

याचे फायदे: व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक कडेवरून घसरणार नाही, अँकर फास्टनर लागणारच नाहीत, आणि खांबाची मोकळी उंची १०० मिमीने कमी झाल्यामुळे त्यावरचा ताणही कमी होतो. खांबाचा मध्य रॅम्पच्या कडेपासून ७५ मिमी बाहेर ठेवला तर दांडा रॅम्पवर ३८ मिमीच आत येतो. दोन दांड्यांमध्ये १२२४ मिमी स्वच्छ रुंदी मिळते.

ओटी_रेवती
+१. या १०० मिमीच्या काठाची शिफारस सगळीकडे करायला हवी. पांढरी काठी वापरणाऱ्यालाही कड कळते.

गवंडी_सातारा
खड्ड्यातली दोन कामं लोक चुकवतात. एक, पीव्हीसीचा तुकडा काढल्यावर भिंत गुळगुळीत राहते आणि ग्राउट (खांबाभोवती ओतायचा सिमेंटचा माल) तिला धरत नाही. छिन्नीने टोचे मारून खरबरीत करा, धूळ काढा, आदल्या रात्री पाणी भरून ठेवा आणि सकाळी टिपून घ्या. दोन, साधा सिमेंट-वाळूचा माल भरू नका, वाळताना तो आकसतो आणि खांब वर्षभरात हलायला लागतो. नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट घ्या, पाण्याचं प्रमाण पोत्यावर दिलेलंच ठेवा. पातळ केलं की उतरायला सोपं जातं, पण ताकद जाते.

खांबाच्या बुडाशी १० मिमी सळईचा १०० मिमीचा तुकडा आडवा आरपार घालून वेल्ड करा (एसएसच्या खांबाला एसएसचीच सळई), म्हणजे खांब फिरत नाही आणि उपसत नाही. ग्राउटचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवा. बशीसारखा खोलगट राहिला तर पाणी खांबाच्या मुळाशी साचतं आणि रत्नागिरीच्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो. वरून पाणी अडवायला पीयू सीलंटची एक बारीक रेघ.

आणि ओळंबा लावून खांब उभे करा. फॅब्रिकेटर रॅम्पच्या उताराला काटकोनात खांब लावतो, कारण त्याला ते सोपं पडतं. १:१२ च्या (१२ आडवे गेल्यावर १ चढ) उतारावर ९०० मिमीचा खांब मग ७५ मिमी कलतो. दिसायला वाईट, आणि वजनही तिरकं उतरतं.

बी_विंग_सचिव
उतार बरोबर १:१२ आलाय का हे कसं बघायचं? टाइल्स लागल्यावर फरक पडेल ना?

गवंडी_सातारा
१२०० मिमीची सरळ पट्टी घ्या, वरचं टोक रॅम्पवर टेकवा, वर स्पिरिट लेव्हल ठेवून पट्टी आडवी करा. खालच्या टोकाखालची फट १०० मिमी भरली तर १:१२. जास्त भरली तर तिथे चढ उभा आहे. एकदाच मापू नका, दर मीटरवर मापा. स्लॅब वाळताना पोट येतं, आणि सरासरी बरोबर असूनही मधला एखादा मीटर उभा निघतो. १:१२ ही शेवटची हद्द आहे, जागा असेल तिथे १:१५ करावं.

टाइल आणि मालाची जाडी ३०-४० मिमी. वरच्या लँडिंगचं फ्लोअरिंग आधीच झालं असेल तर उंबरा तयार होईल, खालच्या टोकालाही. तो आधी सोडवा. आणि ९०० मिमी ही उंची टाइलच्या माथ्यापासून सरळ उभी मोजायची. काँक्रीटवरून मोजून खांब कापले की रेलिंग ८६० वर येतं.

फॅब_कोल्हापूर
क्रम असा ठेवा: पट्टी ओतणं, मग टाइल्स, मग टाइलची ॲसिडने धुलाई आणि भरपूर पाणी, आणि सगळ्यात शेवटी रेलिंग. हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा. रेलिंग आधी बसवलं आणि गवंड्याने टाइलवरचा सिमेंटचा डाग काढायला ॲसिड मारलं, की नुसत्या वाफेनेही स्टेनलेसवर बारीक काळे-तांबडे खड्डे पडतात. बफिंगने ते वरवर जातात, पुन्हा उगवतात. मालाला नावं ठेवली जातात, चूक ॲसिडची असते.

कोकणकडा
मालाबद्दल. 'एसएस' एवढंच लिहिलं की २०२ येतो. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. देशावर कोरड्या हवेत तो चालून जातो, किनाऱ्यावर पहिल्या पावसाळ्यातच वेल्डच्या आजूबाजूला तांबूस होतो. लोहचुंबकाने २०२ आणि ३०४ ओळखता येत नाहीत, दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. त्यासाठी टेस्टिंगच्या थेंबाची बाटली मिळते, ९ व्होल्टच्या बॅटरीसकट. थेंब लाल झाला तर २०० ची जात. प्रत्येक पाइपवर एक थेंब, नमुन्याच्या तुकड्यावर नाही.

समुद्रापासून दोन किलोमीटरवर मी ३१६ च घेईन. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत ते टिकतं. महाग आहे हे खरं. बजेट नसेल तर ३०४ घ्या, पण महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवून पुसायची जबाबदारी कुणावर तरी लिहून ठेवा.

वेल्डिंग आर्गॉन वायूवर. ३०४ ला ३०८एल ची फिलर (सांध्यात वितळवून भरायची तार), ३१६ ला ३१६एल ची. लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती किंवा लोखंडी तारेचा ब्रश स्टेनलेसला लावायचा नाही. लोखंडाचे कण रुततात आणि तेच गंजतात. वेल्डची निळी-काळी झाक पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढून पाण्याने धुवून घ्या, नुसती घासून चालत नाही.

ओटी_रेवती
मिरर फिनिशला माझा विरोध आहे. मोतीबिंदू किंवा कमी दृष्टी असलेल्याला उन्हात तो दांडा दिसत नाही, चकाकीच दिसते. ओल्या हाताला निसरडाही लागतो.

कोकणकडा
मान्य, पण अडचण सांगतो. खरखरीत सॅटिनच्या (न चमकणाऱ्या, घासलेल्या फिनिशच्या) रेषांमध्ये मीठ अडकतं आणि तांबूसपणा लवकर येतो. मधला मार्ग म्हणजे बारीक सॅटिन, ३२० ग्रिट, आणि रेषा पाइपच्या लांबीच्या दिशेने. आडव्या रेषा पाणी धरून ठेवतात.

ओटी_रेवती
हे चालेल. मागची भिंत पांढरी असेल तर तिला गडद रंगाचा पट्टा मारून घ्या, दांडा उठून दिसतो.

नागपूरकर_एस
रत्नागिरीला लागू नाही, पण धागा पुढे कुणी वाचेल म्हणून. विदर्भात पश्चिमेला तोंड असलेल्या रॅम्पवर मे महिन्यात दुपारी उघडा धातूचा दांडा हातात धरवत नाही. माणूस हात काढून घेतो, म्हणजे रेलिंग असून नसल्यासारखं. तिथे वर छप्पर घाला, किंवा दांड्यावर नायलॉनचं आवरण असलेला पाइप घ्या. तो घेतला तर आवरणासकटचा व्यास ४५ च्या आत राहील असं बघा.

फॅब_कोल्हापूर
टोकांबद्दल कुणी बोललं नाही अजून. दांडा रॅम्प संपतो तिथे संपवायचा नाही. वर आणि खाली ३०० मिमी पुढे न्यायचा, आणि तो भाग उताराचा नाही, सपाट, जमिनीला समांतर. पाय सपाटीवर टेकला तरी हात अजून आधार शोधत असतो. खालच्या टोकाला ३०० मिमी पुढे आलेला दांडा पार्किंगच्या वाटेत येणार नाही हे बघून घ्या, गाडीचा आरसा लागतो.

टोक उघडं सोडायचं नाही. ९०० चा आणि ७६० चा दांडा इंग्रजी डी अक्षरासारख्या वळणाने एकमेकांना जोडा. पदर, ओढणी, पिशवीचा बंद उघड्या टोकात अडकतो आणि उतरणारा माणूस मागे खेचला जातो. टोपी ठोकून बंद केलेलं टोकही चालत नाही, टोपी सहा महिन्यांत निघते आणि आत पाइपची धार राहते. या वळणाच्या सगळ्यात खालच्या जागी, खालच्या अंगाला ५ मिमीचं भोक पाडा. पाइपमध्ये दमटपणाचं पाणी जमतं, त्याला वाट हवी.

ब्रॅकेट १२ मिमी भरीव सळईचे, एल आकाराचे, दांड्याला खालून. बाजूने लावले तर सरकणारा हात प्रत्येक खांबापाशी अडतो आणि सुटतो. वर हात अखंड गेला पाहिजे. वेल्डिंगनंतर स्वतः मूठ करून वरपासून खालपर्यंत हात फिरवा, कुठे खडा लागला तर तिथेच थांबवून बफ करून घ्या.

बी_विंग_सचिव
मग एकूण माल किती मागवू?

फॅब_कोल्हापूर
उताराची लांबी ५.४२ मीटर, अधिक दोन्हीकडचे ३०० मिमी, म्हणजे एक दांडा ६.०२ मीटर. २० फुटी पाइप ६.१ मीटरचा असतो, तेव्हा एका पाइपात एक अख्खा दांडा, मध्ये सांधा नाही. असे चार. डी वळणांसाठी पाचवा. खांब: टाइलच्या वर ८५० मिमीवर माथा, त्यातून काठाचे १०० वजा, खड्ड्यातले २५० मिळवा, म्हणजे १ मीटर. २० फुटात ६ निघतात, १४ खांबांना ३ पाइप लागतील. ब्रॅकेट २८, खांबाला दोन. खांबाच्या माथ्याला १४ गोल टोप्या, त्या पूर्ण वेल्ड करा. ग्राउट: ११० व्यास आणि २५० खोल खड्डा म्हणजे खांब वजा जाता दोन लिटरच्या आसपास, १४ खड्ड्यांना २८ लिटर. २५ किलोच्या पोत्यात साधारण १२-१३ लिटर तयार माल होतो, तीन पोती आणा.

स्ट्रक्चर_वाघ
ग्राउट भरताना खांब लाकडी टेकूंनी धरून ठेवा आणि दांडे त्याच दिवशी वेल्ड करू नका. आधी पहिला आणि सातवा खांब पक्का करून वर लाइनदोरी बांधा, मधले पाच दोरीला लावा. सात दिवसांनी चाचणी: दोरी दांड्याच्या मधोमध, दोन खांबांच्या मध्ये बांधा, दुसऱ्या टोकाला लटकता वजनकाटा लावून आडवं ७५ किलोपर्यंत ओढा. मग सोडा. दांडा मूळ जागी परत आला पाहिजे आणि ग्राउटभोवती चीर दिसता कामा नये. शेवटचं बिल या चाचणीनंतर, असं वर्क ऑर्डरमध्येच टाका.

बी_विंग_सचिव
सगळ्यांचे मनापासून आभार. नवी ऑर्डर अशी: पट्टी २५० मिमी रुंद, काठ १००, खांब ५०.८ x २, दर ९०० वर, दांडे ३८.१ x १.५, ९०० आणि ७६० वर, ३१६, सॅटिन ३२०, टोकं ३०० मिमी सपाट आणि डी वळण. एक शंका राहिली: वरच्या लँडिंगला एका बाजूला भिंत आहे. तिथे दांडा भिंतीत घुसवून पक्का करू का?

स्ट्रक्चर_वाघ
भिंतीत घुसवू नका. फिरवून भिंतीजवळ आणा, आणि ५० मिमी मोकळे ठेवून ब्रॅकेटवर टेकवा. ६ मीटरचा स्टेनलेस दांडा थंडी-उन्हाच्या फरकाने ४ मिमीपर्यंत लांबतो-आखडतो. टोक भिंतीत गाडलं तर प्लास्टर तिथे फुटत राहील. ती भिंत विटांची असेल तर ब्रॅकेटच्या जागी विटा काढून काँक्रीटचा ठोकळा भरा, २०० x २०० पुरे. नुसत्या प्लास्टरमधला प्लग पहिल्या जोरात बाहेर येतो.